नागपूरहून पहिल्यांदा केरळ: कोची, मुन्नार, थेक्कडी, अलेप्पीचा सहा दिवसांचा प्रवास कसा आखावा

दिवाळी जवळ आली की धंतोली-धरमपेठेतल्या टूरवाल्यांकडे केरळची चौकशी सुरू होते आणि हातात रंगीत कागद पडतो. पाच रात्री, सहा दिवस, खाली ठिकाणांची लांबलचक यादी. त्या कागदावर एकच गोष्ट नसते, ती म्हणजे रोज गाडीत किती तास बसायचं आहे. कोची ते मुन्नार साधारण १३० किलोमीटर. समृद्धी महामार्गाची सवय झालेल्या माणसाला हा दीड तासाचा रस्ता वाटतो. प्रत्यक्षात चार ते साडेचार तास लागतात, कारण अर्धा रस्ता घाटाचा आणि उरलेला सलग वस्तीतून जाणारा. मुन्नार ते थेक्कडी ९० किलोमीटर, तिथेही साडेतीन तास. थेक्कडी ते अलेप्पी १४० किलोमीटर, चार तास, वाटेत जेवण धरलं तर पाच.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं. ठिकाणं मोजू नका, गाडीतले तास मोजा. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त प्रवास होत असेल तर त्या दिवसातलं एक ठिकाण काढून टाका. जे राहील ते नीट बघता येईल.

आधी तारीख, मग बाकी सगळं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा हंगाम, हे सगळेच सांगतात. पण या पाच महिन्यांतही फरक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केरळात परतीचा, म्हणजे ईशान्य मोसमी पाऊस असतो. सकाळ स्वच्छ आणि दुपारनंतर गडगडाट, असा त्याचा रिवाज. दिवाळीच्या सुट्टीत निघत असाल तर छत्र्या घ्या आणि बघण्याची सगळी कामं सकाळी उरका. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाची यात्रा असते. त्या काळात दक्षिणेकडच्या गाड्या भरून जातात आणि कोट्टयम-चेंगन्नूर पट्ट्यातल्या रस्त्यांवर भाविकांची रीघ लागते. त्यातच नाताळची आठवडाभराची गर्दी. त्या आठवड्यात मुन्नारच्या बाजारात गाडी पाऊल पाऊल सरकते.

मला विचाराल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा सगळ्यात चांगला. मकरसंक्रांत होऊन गेलेली असते, आकाश निवळलेलं असतं, अलेप्पीभोवतीच्या कुट्टनाडची भातखाचरं हिरवीगार असतात. शाळेची सुट्टी नसते ही एकच अडचण. फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मुन्नारजवळचं एराविकुलम राष्ट्रीय उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीसाठी बंद असतं. उद्यान बघायचंच असेल तर तारखा ठरवण्यापूर्वी वनखात्याच्या संकेतस्थळावर नजर टाका.

नागपूर मे महिन्यात ४५ अंशांवर तापलेलं असताना मुन्नारची ओढ वाटणं साहजिक आहे, आणि मुन्नार तेव्हाही थंडच असतं. पण कोची आणि अलेप्पीत तेव्हा पारा ३३-३४ वर आणि हवेत पाणीच पाणी. आपल्याला कोरड्या उन्हाची सवय, घामाच्या चिकचिकाटाची नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं दुपारी गळून जातात. पावसाळ्याबद्दल थोडं गंभीरपणे सांगतो. जूनमध्ये केरळ अप्रतिम दिसतं, पण हे डोंगर ठिसूळ आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये मुन्नारजवळ पेट्टीमुडी इथे चहामळ्यातल्या कामगारांच्या चाळींवर दरड कोसळली आणि ७० च्या आसपास माणसं गेली. हवामान खात्याने मुन्नार ज्यात येतं त्या इडुक्की जिल्ह्याला रेड अलर्ट दिला असेल तर बुकिंगचे पैसे बुडाले तरी चालतील, घाट चढू नका.

रात्री कशा वाटायच्या

पाच रात्री हातात असतील तर कोचीला एक, मुन्नारला दोन, थेक्कडीला एक आणि अलेप्पीला हाउसबोटीवर एक. हा सरधोपट आराखडा आहे आणि तो चालतो. चारच रात्री असतील तर थेक्कडी गाळा आणि मुन्नारहून थेट अलेप्पीला उतरा. रस्ता पाच तासांचा आहे, सकाळी लवकर निघा. सहा असतील तर जास्तीची रात्र मुन्नारला द्या. त्रिवेंद्रम, कोवलम आणि कन्याकुमारी याच सहलीत बसवून देतो म्हणणारा भेटेल. नको म्हणा. तो वेगळा प्रवास आहे.

नागपूरहून जायचं कसं

रोजची भरवशाची गाडी म्हणजे नवी दिल्लीहून येणारी केरळ एक्स्प्रेस (१२६२६). बल्लारशाह, वारंगल, विजयवाडा करत ती दुसऱ्या दिवशी एर्नाकुलमला पोचवते. एक आख्खी रात्र आणि दोन्हीकडचे दिवस गाडीत जातात. शिवाय नागपूरवरून केरळला जाणाऱ्या काही साप्ताहिक गाड्याही आहेत. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस राहिले नाहीत. दिवाळी-नाताळच्या तारखा असतील तर त्याच सकाळी तिकीट काढा, आणि परतीचं तिकीट कधी उघडतं तेही कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. जाण्याचं पक्कं आणि येण्याचं वेटिंग, अशी अवस्था फार जणांची होते.

एर्नाकुलममध्ये दोन मोठी स्टेशनं आहेत: जंक्शन, ज्याला तिथे साउथ म्हणतात, आणि टाऊन, म्हणजे नॉर्थ. केरळ एक्स्प्रेस टाऊनला थांबते. तिकिटावर कोणतं आहे ते बघून ड्रायव्हरला आधीच कळवा, नाहीतर तो एका स्टेशनबाहेर आणि तुम्ही दुसऱ्या. गाडी वेळेवर असली तर दुसऱ्या दिवशी उजेडात कोइंबतूर सोडून पलक्कडच्या खिंडीत शिरते. सह्याद्रीची भिंत तिथे तुटलेली आहे आणि त्या फटीतून रेल्वे केरळात जाते. खिडकीबाहेरचा रंग बदलताना बघायचा असेल तर त्या वेळी झोपू नका.

विमानाने जायचं तर बहुतेक वेळा मुंबई, बंगळूर किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं. कोचीचा विमानतळ शहरापासून ३० किलोमीटरवर नेडुंबासेरीला आहे. संपूर्ण सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ म्हणून २०१५ मध्ये त्याचं नाव झालं. तो शहराच्या उत्तरेला असल्यामुळे सकाळचं विमान असेल तर तिथूनच मुन्नारकडे निघता येतं आणि कोची शेवटी ठेवता येतं.

ग्रुप टूर की स्वतःची गाडी?

आई-वडील बरोबर असतील, कुणालाच हॉटेल-गाडीची जुळवाजुळव जमत नसेल आणि मराठी बोलणारा माणूस सोबत हवा असेल तर ग्रुप टूर चांगली. जेवणाची चिंता मिटते, सोबत मिळते, आजारपणात कुणीतरी धावतं. मात्र तीस-चाळीस माणसांच्या बसचा वेग सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने ठरतो, हे मनाशी धरून जा. चार-सहा जणांचं कुटुंब असेल तर कोचीहून ड्रायव्हरसह गाडी घेणं मला जास्त पटतं. केरळचे टूरिस्ट ड्रायव्हर निम्मे गाइडच असतात. हिंदी कामापुरती येते, रस्ते पाठ असतात, कुठला धबधबा आता आटला आहे हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना 'चेट्टा' म्हणा, म्हणजे आपला दादा. जेवायला थांबलात तर त्यांचंही जेवण झालं का ते विचारा. सहा दिवस तुमचा जीव त्यांच्या हातात असतो.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा आणि उत्तरं व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. हॉटेल नेमकं कुठे? 'मुन्नार' म्हणून दाखवलेली बरीच हॉटेलं आनचाल, चित्तिरापुरम, पळ्ळिवासल अशा गावांत असतात, मुन्नार बाजारापासून दहा-वीस किलोमीटर. ती वाईट नसतात, काहींचा नजारा गावातल्या हॉटेलांपेक्षा सरस असतो, पण रोजच्या येण्याजाण्यात तास जातो. भावात पाच टक्के जीएसटी धरला आहे की वेगळा? ड्रायव्हरचा बाटा (रोजचा भत्ता), टोल, पार्किंग, प्रवेश तिकिटं कुणाकडे? हाउसबोट स्वतंत्र की दुसऱ्या कुटुंबाबरोबर, आणि एसी पूर्ण वेळ की फक्त रात्री? टूर मॅनेजर नागपूरहून सोबत येणार की कोचीला भेटणार? आणि गाडीची नंबरप्लेट पिवळी आहे ना? पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकतो.

कोची: एक संध्याकाळ, एक सकाळ

कोचीत फार गुंतू नका, पण नुसतं झोपायलाही वापरू नका. हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रोने फोर्ट कोचीला जा. विजेवर चालणाऱ्या या बोटी एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाल्या. स्वच्छ, गार, आणि तिकीटही परवडणारं. आमच्या ओळखीतल्या एका आजींना सगळ्या सहलीत हीच बोट सर्वांत जास्त आवडली.

किनाऱ्यावर चिनी जाळी दिसतील. लाकडी सांगाड्याला बांधलेलं भलंमोठं जाळं, मागे दोरांना लोंबकळणारे दगड. दगडांच्या वजनामुळे चार-पाच माणसं ते जाळं पाण्यातून वर उचलू शकतात. कोळी तुम्हालाही दोर ओढायला बोलावतील, मग थोडे पैसे द्यायचे असतात. जवळच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं, पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी आणि १५६८ चं परदेशी सिनेगॉग शनिवारी बंद असतं, तेव्हा वार बघून जा. राजवाड्यात रामायणाची भित्तिचित्रं आहेत, ती सोडू नका.

मुन्नार: चढायचं कसं, बघायचं काय

सकाळी आठच्या आत निघा. कोतमंगलम मागे पडलं की नेरियमंगलमचा पूल येतो आणि तिथून जंगल सुरू होतं. चीयप्पारा आणि वालरा हे दोन धबधबे रस्त्यालगतच आहेत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरलेले, फेब्रुवारीत रोडावलेले. अडिमालीनंतर वळणं वाढतात. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा, नाश्ता इडलीइतकाच हलका ठेवा, मुलांच्या हातातले मोबाइल काढून घ्या. डॉक्टरांनी दिलेली उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

मुन्नार समुद्रसपाटीपासून साधारण १५०० मीटरवर आहे. जानेवारीत पहाटे पारा कधी कधी शून्याजवळ जातो आणि दवाचं बर्फ होतं. नागपूरच्या कडाक्याच्या थंडीत घालता तेच स्वेटर, कानटोपी पुरेत, नवीन जॅकेट घेण्याची गरज नाही.

पूर्ण दिवस हातात एकच असेल तर सकाळी एराविकुलम आणि दुपारी चहा, एवढंच करा. एराविकुलमचं तिकीट ऑनलाइन आधी काढता येतं, ते काढाच. तुमची गाडी फाटकाशीच थांबते, पुढे वनखात्याची बस राजमलैला नेते आणि मग चालायचं. पहिल्या बसने गेलात तर निलगिरी ताहर अगदी रस्त्याच्या कडेला चरताना दिसतात. माणसाला बुजत नाहीत म्हणून हात लावायचा नाही, खायलाही घालायचं नाही. समोरचा उंच कडा अनैमुडीचा, २६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर. याच उतारांवर बारा वर्षांतून एकदा नीलकुरिंजी फुलते. मागचा बहर २०१८ चा, पुढचा २०३० मध्ये. आत्ता कुणी 'कुरिंजी दाखवतो' म्हणाला तर तो बारा वर्षांनी फुलणारा बहर नाही एवढं समजून घ्या.

आता चहा. मळ्यात थांबून फोटो काढणं पाच मिनिटांत होतं, पण जरा खाली वाकून झाड बघा. चहाचं झाड मोकळं सोडलं तर चांगलं उंच वाढतं. छाटून छाटून त्याला कमरेइतकं ठेवलेलं असतं, म्हणून वरून हिरवा गालिचा दिसतो आणि खाली मनगटाएवढी, गाठीगाठींची जुनी खोडं असतात. वरचं टोक बघा: एक बंद कळी आणि तिच्याखाली दोन कोवळी पानं. चांगल्या चहाला एवढंच लागतं. मधूनमधून उभी असलेली उंच, रुपेरी पानांची झाडं सिल्व्हर ओकची, सावलीसाठी लावलेली.

नल्लतण्णी मळ्यातलं चहा संग्रहालय सोमवारी बंद असतं. तिथे यंत्रं चालवून दाखवतात, ती नीट समजून घ्या. खुडलेला पाला आधी हवेच्या झोतावर तासन्‌तास पसरून मलूल करतात. मग तो दातेरी रुळांमधून जातो आणि चुरडून, फाटून, वळून त्याचे बारीक दाणे होतात. हाच सीटीसी चहा, आपल्या घरी दुधात उकळतो तो. दाणे बाहेर पडतात तेव्हा हिरवे असतात आणि हवा लागून डोळ्यांदेखत तांबूस होत जातात. कापलेल्या सफरचंदासारखंच ते. रंग हवा तसा आला की गरम हवेत वाळवून ती क्रिया थांबवतात आणि चाळण्यांवर प्रतवारी करतात. साधारण साडेचार किलो ओल्या पाल्याचा एक किलो चहा होतो. हे कळल्यावर मळ्यात दिवसभर पाठीवर ओझं घेऊन चढणाऱ्या बायांकडे माणूस वेगळ्या नजरेने बघतो.

त्या बायांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बहुतेक तमिळ कुटुंबांतल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या चाळींत राहिलेल्या. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी बोनससाठी पुरुष पुढाऱ्यांना बाजूला ठेवून आपलं आपणच आंदोलन उभारलं, मुन्नारचा रस्ता अडवला आणि बोनसची मागणी मान्य करून घेतली. पेम्बिळै ओरुमै हे त्यांच्या संघटनेचं नाव. त्यांचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. त्या कामावर असतात, खुडलेल्या पाल्याचं वजन व्हायचं असतं.

दुधाच्या चहासाठी सीटीसी घ्या, बिनदुधाचा पीत असाल तर ऑर्थोडॉक्स, म्हणजे दाणे न करता पानं वळून केलेला. दोन्ही कारखान्याच्या दुकानात पॅकिंगची तारीख बघून घ्या. घाटातल्या टपऱ्यांवर सुटा चहा रंगावर भुलून घेऊ नका.

तिसरा दिवस मिळाला तर मट्टुपेट्टी, कुंडला करत टॉप स्टेशनला जा. इंग्रजी अमलात मुन्नारहून इथवर चहा वाहणारी छोटी रेल्वे होती, १९२४ च्या महापुरात ती वाहून गेली. धुकं चढायच्या आत, म्हणजे सकाळी नऊपर्यंत पोचायला हवं. मट्टुपेट्टीच्या जलाशयात बोटिंगसाठी रांग लावू नका, पाणी पुढे अलेप्पीला भरपूर आहे. या रस्त्यावर जंगली हत्ती उतरतात. पडयप्पा नावाचा एक सुळेवाला तर मुन्नारमध्ये सगळ्यांच्या ओळखीचा. हत्ती दिसला तर काच खाली करू नका, हॉर्न वाजवू नका, ड्रायव्हर सांगेल ते ऐका.

थेक्कडी

मुन्नारहून निघताना गॅप रोडने जा म्हणावं. देविकुलमच्या पुढे चहाची दरी अचानक उघडते. पुढे वेलचीचे मळे सुरू होतात, झाडांच्या दाट सावलीतले, रस्त्यावरून पटकन लक्षात न येणारे.

थेक्कडीत पेरियार व्याघ्र प्रकल्प आहे. पण ताडोबा आणि पेंच दाराशी असलेल्या माणसाने वाघासाठी पेरियारला जाऊ नये. तिथे वाघ दिसणं दुर्मीळ. हत्ती, गवे, पाणमांजरं, पाणकावळे बघायला जावं. इथलं तळं १८९५ मध्ये बांधलेल्या मुल्लपेरियार धरणाचं. त्या वेळी बुडालेल्या जंगलाचे काळे बुंधे अजून पाण्यातून वर आलेले आहेत आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात. त्याच दिवशी अलेप्पी गाठायचं नसेल तर सकाळी साडेसातची पहिली फेरी घ्या, तिकीट आधी काढा. ३० सप्टेंबर २००९ ला याच तळ्यात बोट उलटून ४५ पर्यटक बुडाले होते. लाइफ जॅकेट नीट बांधा आणि हत्ती दिसला तरी सगळ्यांनी एका बाजूला धाव घेऊ नका.

बोटीपेक्षाही मला वनखात्याची पायी भटकंती आवडते. सोबत येणारे वाटाडे आसपासच्या आदिवासी पाड्यांतले, त्यांतले काही पूर्वी चोरटी शिकार किंवा दालचिनीच्या सालीची तस्करी करणारे. प्रकल्पाने त्यांना जंगल राखायच्या कामात घेतलं. पायाखालचं शेण किती वेळापूर्वीचं हे ते चालता चालता सांगतात. पावसाळी दिवस असतील तर जळवांचे मोजे मागून घ्या.

थेक्कडीला लागूनच्या कुमिली बाजारात मसाले घेण्याआधी इतवारीतल्या किराणा ओळीत वेलची, मिरी, लवंगेचा त्या आठवड्याचा भाव विचारून ठेवा. तो माहीत असला की 'मळ्याचा भाव' खरा की फुगवलेला ते लगेच कळतं. ओल्या कापसाने वेलची पुसा, हिरवा रंग कापसाला लागला तर सोडून द्या. मसाल्याच्या बागेची चक्कर जरूर मारा, मिरीचा वेल आणि जायफळाचं झाड बघण्यासारखं असतं. शेवटी दुकानात नेतातच, घेण्याची सक्ती नसते.

हाउसबोट: ठरवण्याआधी वेळेचा हिशेब

थेक्कडीहून कुट्टिक्कानम, पीरमेडमार्गे उतरताना डोंगर संपतात आणि कोट्टयमनंतर जमीन पाण्याच्या पातळीला येते. दुपारी बारापर्यंत अलेप्पीच्या धक्क्यावर पोचायचं असेल तर सकाळी सातला निघावं लागतं. म्हणजे थेक्कडीत एकच रात्र असेल, तर तिथली बोटफेरी आदल्या दुपारचीच घ्या.

आता खरी माहिती. हाउसबोट बाराच्या सुमारास सुटते, तासभर जेवणासाठी काठाला लागते आणि संध्याकाळी साडेपाचला बांधली जाते. रात्री कोळी जाळी टाकतात, म्हणून तेव्हा बोटी चालवत नाहीत. सकाळी नाश्ता करत थोडी फेरी आणि नऊला धक्का. एकवीस तासांच्या भाड्यात प्रत्यक्ष जलप्रवास पाच तासांच्या आसपास. हे आधी माहीत असलं की रुसवेफुगवे होत नाहीत. रात्र काठाला लागलेल्या बोटीत जाणार आहे, तेव्हा ती कुठे बांधणार हे विचारा. दहा बोटींच्या रांगेत, जनरेटरच्या आवाजात, की भातशेताच्या बांधाला?

बोटीवर चढण्यापूर्वी नोंदणी क्रमांक, विमा आणि किती प्रवाशांची परवानगी आहे ते बघा. मे २०२३ मध्ये मलप्पुरममधल्या तानूरला क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली पर्यटक बोट उलटली आणि २२ जण गेले, त्यांत बरीच मुलं. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. संडासाची टाकी बोटीतच आहे ना, हेही विचारा. वेंबनाड हे देशातलं सर्वांत लांब सरोवर, त्याच्या काठावरची माणसं त्याच पाण्यात भांडी घासतात. मोटारबोटींच्या गर्दीने ते आधीच दमलं आहे.

बोटीत बसल्यावर सांगाडा बघा. जुन्या पद्धतीच्या केट्टुवळ्ळमच्या, म्हणजे या पारंपरिक बोटींच्या, फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसतात, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात. फळी आंजिली झाडाची, टाके एका ओळीत, फटीत काथ्याची भरणी आणि वर काजूच्या टरफलाच्या तेलाचा काळा लेप. या बोटी मुळात भात वाहायच्या. रस्ते आल्यावर त्यांचं काम गेलं आणि पर्यटनाने त्यांना पुन्हा पाण्यात आणलं.

मग काठाकडे नजर लावा. कुट्टनाडची शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत, काही ठिकाणी दोन मीटरहूनही जास्त. तुम्ही कालव्यात बोटीत बसलेले असता आणि बांधापलीकडचं भात तुमच्यापेक्षा खाली असतं. मध्ये जेमतेम एक घर आणि दोन माड मावतील एवढाच बांध. पावसाळ्यानंतर पंप लावून शेतातलं पाणी उपसतात आणि मग पेरणी करतात. विदर्भातल्या धानपट्ट्यात खाचरात पाणी टिकवण्यासाठी जीव टाकतात, इथे ते बाहेर काढण्यासाठी. शेती करणाऱ्या घरातला कुणी सोबत असेल तर तो इथून हलणार नाही.

खर्च जास्त वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे, आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. अलेप्पीत होमस्टे घ्या, दोन-तीन तासांची शिकारा घ्या. ती अरुंद कालव्यांत शिरते, जिथे हाउसबोट जाऊच शकत नाही. आणि राज्य जलवाहतूक खात्याच्या फेरीबोटीने कोट्टयमला जा. अडीच तासांचा प्रवास, तिकीट अगदी किरकोळ. बाजाराच्या पिशव्या घेऊन बाया चढतात, शाळकरी पोरं दप्तरासकट उड्या मारून उतरतात, पोस्टमन एका घराच्या पायरीवर पत्र देतो. कोट्टयमला रेल्वे स्टेशन असल्यामुळे परतीच्या दिवशीही हे बसवता येतं.

जेवण आणि बॅग

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, हाउसबोटीवर तर विशेष, कारण सामान सकाळीच भरलेलं असतं. अप्पम आणि भाज्यांचा स्ट्यू, पुट्टु-कडला, इडियप्पम, केळीच्या पानावरचं 'मील्स', कुणाचंही पोट भरतं. भात जाड, लालसर मट्टा तांदळाचा असतो, पांढरा हवा असेल तर सांगितल्यावर मिळतो. वाढणारा थांबत नसेल तर 'मदि' म्हणा, म्हणजे पुरे. पोळी मात्र रोज मिळणार नाही. आई-वडिलांसाठी थोडे दशम्या-ठेपले सोबत ठेवा. सावजी खाणाऱ्याला इथलं मटण सौम्य वाटेल, पण मिरीचा झटका हळूहळू लागतो. मासे खात असाल तर करीमीन खा, मात्र बोटीवर त्याचे पैसे वेगळे असतात, भाव आधी ठरवा. पेल्यात गुलाबी कोमट पाणी आलं तर घाबरू नका, ते पतिमुगम नावाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं पिण्याचं पाणी आहे.

बॅग एकच ठेवा, चाकांची मोठी सुटकेस हाउसबोटीच्या फळीवरून नेताना त्रास देते. पटकन वाळणारे सुती कपडे, एक उबदार जोड, छत्री, डासांचं मलम, घट्ट सँडल, पाण्याची स्टीलची बाटली. देवळात जायचं असेल तर पुरुषांसाठी मुंडू किंवा पांढरं धोतर. अनेक ठिकाणी सदरा काढावा लागतो.

परतीला अलेप्पी ते एर्नाकुलम ५५ किलोमीटर, दीड ते दोन तास. दिल्लीकडे जाणारी केरळ एक्स्प्रेस (१२६२५) संध्याकाळच्या सुमारास एर्नाकुलमहून सुटते, तेव्हा सकाळी नऊला बोट सोडली तरी वेळ पुरतो. त्या दिवशी केरळात हरताळ तर नाही ना, एवढं आदल्या रात्री ड्रायव्हरला विचारून ठेवा. असला, तर उजाडायच्या आत निघून स्टेशनच्या प्रतीक्षागृहात बसलेलं बरं. मसाले आणि चहा वेगवेगळ्या पिशव्यांत बांधा. चहा शेजारचा वास लगेच ओढून घेतो आणि घरी पोचेपर्यंत त्याला लवंगेचा वास लागलेला असतो.